लडाखच्या ‘उडत्या तबकड्यां’बद्दल खुलासा

‘लडाखमध्ये जवानांनी तबकड्या पाहिल्या, रडारलाही सापडल्या नाहीत, सरकारने प्रकरण दाबलं’ असा मजकूर पुन्हा फिरतोय. पहिला भाग अर्धा खरा आहे. 2012 मध्ये पँगाँग सरोवराच्या भागात जवानांना पिवळसर गोळे दिसत होते. चीनच्या बाजूने क्षितिजावर उगवायचे, तीन ते पाच तास हळूहळू सरकायचे आणि नाहीसे व्हायचे. संशय तबकड्यांचा कमी, चिनी ड्रोनचाच जास्त होता, आणि सीमेवर तो यायलाच हवा.

पण दाबलं कुठे? लष्कराने बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला विचारलं. तिथल्या खगोलशास्त्रज्ञांनी गोळ्यांच्या वेळा आणि दिशा ताऱ्यांशी ताडून पाहिल्या. निघाले गुरू आणि शुक्र! 2013 च्या जुलैमध्ये हे वर्तमानपत्रांत छापूनही आलं. शुक्र तेव्हा पहाटे पूर्वेला होता. गुरू 3 डिसेंबर 2012 ला आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला होता, म्हणजे रात्रभर दिसत होता. चौदा हजार फुटांवरच्या विरळ, कोरड्या हवेत ते डोळ्यांत भरण्याइतके तेजस्वी दिसतात. आणि रडारचं म्हणाल, तर कोट्यवधी किलोमीटरवरचा ग्रह सीमेवरच्या रडारला सापडणार तरी कसा?