‘गॅरंट्यांनी बेळगाव बुडवलं’ म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा की ओ

आपल्या इकडच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय, तुम्हालाही आलाच असेल. काँग्रेस सरकारच्या पाच गॅरंट्यांनी (2023 च्या निवडणुकीत कबूल केलेल्या मदतीच्या योजना) कर्नाटक दिवाळखोर झालं, फुकट विजेपायी कारखान्यांची लाईट महागली, बायकांना घरात बसून दोन हजार मिळतात म्हणून कामाला माणूस मिळेना, उद्योग सगळे महाराष्ट्रात पळाले, उसाला दर द्यायला सरकारकडं दमडी नाही, आणि शेवटी ठळक अक्षरात ‘बाजार मोकळा सोडा, सगळं सुधारेल’. आता हे शेवटचं वाक्य मला मान्य आहे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत जॉबवर्क करून पोट भरणारा माणूस मी, सरकारनं धंद्यात जेवढं कमी नाक खुपसावं तेवढं बरं, या मताचा. म्हणूनच बाकीचा मेसेज वाचून डोकं फिरलं. आपली बाजू असल्या कच्च्या मालावर मांडली तर समोरचा दोन मिनिटांत उडवून लावतो की.

पहिलं दिवाळखोरीचं. 2025-26 चं कर्नाटकाचं बजेट 4 लाख 9 हजार कोटींचं, त्यात गॅरंट्यांना साधारण 51 हजार कोटी, म्हणजे रुपयातले साडेबारा पैसे. महसुली तूट 19 हजार कोटींच्या वर आहे आणि हे वाईटच आहे, त्यात लपवायचं काही नाही, गॅरंट्या येण्याआधी फेब्रुवारी 2023 ला मांडलेल्या बजेटात थोडी का होईना महसुली शिल्लक दाखवली होती. पण राज्याचं एकूण कर्ज राज्याच्या सकल उत्पन्नाच्या (जीएसडीपी) 25 टक्क्यांच्या आत धरलंय, काठावर का असेना. पंजाबचं 40 च्या पुढं आहे. आणि ज्या महाराष्ट्राचं उदाहरण मेसेजवाला देतो, तिथं लाडकी बहीण चालू आहे, त्याच वर्षीच्या बजेटात महसुली तूट 45 हजार कोटींच्या वर आहे, ते कुठल्या खात्यात लिहायचं? दरडोई उत्पन्नात तर कर्नाटक महाराष्ट्राच्या पुढं आहे. मात्र ते उत्पन्न बेंगळुरूनं वर ओढलेलं, आपला जिल्हा राज्याच्या सरासरीखालीच, आणि हे रडगाणं गॅरंट्यांच्या कितीतरी आधीचं. 2002 सालच्या नंजुंडप्पा समितीनं राज्यातले 114 तालुके मागास ठरवले होते. तेव्हा कुठली गृहलक्ष्मी (बायकांच्या दोन हजारांची गॅरंटी) होती ओ?

आता लाईटचं बिल, इथं जरा थांबूया, कारण जून 2023 चं बिल हातात घेऊन घाम फुटलेल्यांपैकी मीही एक. मेसेज म्हणतो गृहज्योतीमुळं (घरांना फुकट विजेची गॅरंटी) दर वाढला. युनिटमागं 70 पैशांची वाढ वीज नियामक आयोगानं जाहीर केली 12 मे 2023 ला. निवडणुकीचा निकाल लागला 13 मेला. नवं सरकार यायच्या आधीच ऑर्डर निघाली होती, ती लागू मात्र एक एप्रिलपासून, म्हणून मागची थकबाकी आणि इंधन अधिभार एकदम अंगावर आला आणि हुबळी-बेळगावचे व्यापारी-कारखानदार रस्त्यावर उतरले. गृहज्योतीचे पैसे सरकार बजेटातून हेस्कॉमला (आपल्या भागातली वीज कंपनी) देतं, ते सरळ तुमच्या भट्टीच्या बिलात येत नाहीत.

मग बिलात येतं काय? काढा एखादं आणि वाचा. भट्टी चालू असो की बंद, डिमांड चार्ज (मंजूर लोडपायी लागणारा ठरावीक आकार) भरायचाच. वर 9 टक्के वीजकर, जो 3 वर आणा म्हणून उद्योजकांच्या संघटना ओरडून ओरडून दमल्या. त्यात 2025-26 ला युनिटला 36 पैसे लागले, कशाचे तर वीज खात्यातल्या लोकांच्या पेन्शन आणि ग्रॅच्युइटीचे. म्हणजे त्यांच्या पेन्शनचा हप्ता कास्टिंग ओतणाऱ्यानं भरायचा. मोकळ्या बाजाराचं बोलायचं असेल तर हे बोला ना. ह्या 36 पैशांवर त्या अख्ख्या मेसेजात एक अक्षर नाही.

माणूस मिळत नाही, हे खरं. पण आजच्या बाजारात दोन हजारात महिना निघतो असं ज्याला वाटतं त्यानं एकदा घरचा किराणा स्वतः भरून बघावा. फाउंड्रीतलं मोल्डिंगचं काम तापलेल्या शेडमध्ये करायचं असतं, ते आपली पोरं गॅरंटीच्या आधीपासूनच करत नाहीत, यूपी-बिहार-ओडिशाची पोरं करतात. उलट शक्ती या गॅरंटीमुळं खेड्यातली बाई फुकट बसनं शहरात कामाला येऊ शकते, म्हणजे मजुरांचा बाजार वाढलाच. आणि सरकारनं द्यायचंच ठरवलं असेल तर वस्तूपेक्षा रोख द्यावं, ज्याचं त्यानं ठरवावं, हे तर आपल्याच बाजूचं जुनं म्हणणं आहे. मेसेजात डिझेल महागल्याचंही आहे, तो मुद्दा मात्र मेसेजवाल्याला देऊन टाकतो. जून 2024 ला साधारण तीन रुपये आणि एप्रिल 2025 ला परत दोन रुपये कर वाढला, त्याचा थेट फटका मालवाहतुकीच्या भाड्याला बसला.

उद्योग पळाले म्हणे. शिनोळीला गेले, खरंय, महाराष्ट्राच्या हद्दीत पण बेळगावपासून हाकेच्या अंतरावर, तिकडं सवलत मिळाली म्हणून. पण 2013 च्या सुमारास कोल्हापूरचे फाउंड्रीवाले तिकडच्या वीजदराला वैतागून कर्नाटकात यायची भाषा करत होते, ते विसरला काय? आणि हुक्केरी तालुक्यात हत्तरगीला विमानाचे पार्ट बनवणारा खासगी एसईझेड (विशेष आर्थिक क्षेत्र) उभा आहे, तो काय पळून गेलेल्यांत धरायचा? सवलत असते तिकडं धंदा झुकतो, संपली की परत. विमानांचंच बघा. 2018 ला हुबळीला उडान (विमानसेवेला सबसिडी देणारी केंद्राची योजना) मिळालं तशी आपली विमानं हुबळीला, 2019 ला आपल्याला मिळालं तशी इकडं गर्दी, तीन वर्षांची सबसिडी संपल्यावर बरीचशी गायब.

ऊस. नोव्हेंबर 2025 ला मुडलगी तालुक्यात गुर्लापूर क्रॉसवर शेतकरी टनाला 3,500 रुपयांसाठी बसले होते, शेवटी 3,300 वर मिटलं, त्यातले 50 सरकारचे, 50 कारखान्याचे. मेसेज म्हणतो, राज्याची तिजोरी रिकामी म्हणून दर नाही. अहो, ते 50 सोडले तर उसाचा दर राज्याच्या तिजोरीतून येतोच कुठं? एफआरपी (उसाचा किमान दर) दिल्ली ठरवते, कारखान्यानं महिन्याला किती साखर विकायची तो कोटा दिल्लीचा, निर्यात किती करायची ते दिल्ली, इथेनॉलचा दर दिल्ली, आणि डिसेंबर 2023 ला उसाच्या रसापासून इथेनॉल करायलाच एका फटक्यात बंदी आली. दोन कारखान्यांत पंधरा किलोमीटर अंतर पाहिजे हा नियम वेगळाच, म्हणजे जवळ दुसरा गिऱ्हाईक उभाच राहायचा नाही. शेतकऱ्याच्या हातात एकच खरी चावी आहे, ऊस जिथं दर जास्त तिथं घालायचा, निपाणी-चिकोडीचा कोल्हापूरकडं आणि तिकडचा इकडं. तर सप्टेंबर 2023 ला महाराष्ट्र सरकारनं राज्याबाहेर ऊस न्यायला बंदीच घातली! ओरड झाल्यावर काही दिवसांत मागं घेतली, पण घातली होती. तिकडं कुठली पाच गॅरंटी होती?

मेसेजात जे नाहीच ते आता. जुलै 2024 ला खासगी कारखान्यांत व्यवस्थापनात 50 आणि बाकी कामात 75 टक्के स्थानिक घ्या, असं बिल मंत्रिमंडळानं पास केलं आणि उद्योगवाल्यांनी आरडाओरडा केल्यावर दोन दिवसांत बाजूला ठेवलं. स्थानिक कोण, तर कर्नाटकात जन्मलेला, 15 वर्षं इथं राहिलेला आणि कन्नड बोलता-लिहिता-वाचता येणारा. रोज महाराष्ट्रातल्या चंदगडहून उद्यमबागेत कामाला येणाऱ्यांचं काय झालं असतं? महाराष्ट्रानं हसायचं कारण नाही, सवलत घेणाऱ्या कारखान्यांना तिकडंही 80 टक्क्यांची अट आहेच. दुसरं भाजी मार्केटचं, 2020 च्या कायद्यानं एपीएमसीबाहेर (कृषी बाजार समितीच्या आवाराबाहेर) खरेदी-विक्रीला वाट झाली, 2022 ला बेळगावात खासगी मार्केट उभं राहिलं, 2025 ला त्याचा परवाना रद्द. कोण बरोबर कोण चूक ते बाजूला ठेवा, पण तीन वर्षांत नियम असा उलटासुलटा होणार असेल तर इथं गाळा घेताना माणूस दहादा विचार करणारच.

आणि त्याच मेसेजात ‘म्हणून महाराष्ट्रात गेलो असतो तर बरं’ ही ओळही घुसवलीय. सीमाप्रश्न भाषेचा आणि हक्काचा आहे, 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, त्यात लाईट बिल मिसळू नका.