नाण्यावरचा राजा आणि आमच्या चौकातला पुतळा

गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एकच विषय, चौकात शिवाजी महाराजांचा पुतळा बसवायचा तर तोंड कुणीकडं, मेन रोडकडं की देवळाकडं, आणि कुणीच कुणाचं ऐकत नाहीय. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला, राहतो वेल्समध्ये, ब्रिटनची टांकसाळ इथंच लॅन्ट्रिसंटला आहे, म्हणून नाण्यांचं सांगतो.

इथं सतराव्या शतकात दुसऱ्या चार्ल्सपासून रीत पडलीय की नवा राजा आधीच्याच्या उलट दिशेला बघणार. एलिझाबेथ राणी उजवीकडं बघायची म्हणून आताचा चार्ल्स डावीकडं, त्याचं ५० पेन्सचं नाणं डिसेंबर २०२२ मध्ये चलनात आलं, वाद काही नाही. अडून बसला तो एकटा आठवा एडवर्ड. त्याला बापासारखंच डावीकडं बघायचं होतं, भांगाची ती बाजू चांगली दिसते म्हणून. १९३६ मध्येच त्यानं गादी सोडली, नाणी चलनात आलीच नाहीत, पण पुढचा सहावा जॉर्ज डावीकडंच काढला, म्हणजे एडवर्ड उजवीकडं बघत होता असं धरून! रीत राजापेक्षा मोठी ठेवली, हे मला फार पटतं.

पण इंग्रजांकडून शिका असं मी म्हणणार नाही. इथं राजानं कुणीकडंही बघितलं तरी कुणाच्या दुकानाची पाटी बदलत नाही. आपल्याकडं १९५६ मध्ये हा मराठी भाग आताच्या कर्नाटकात गेला, तेव्हापासून कचेरीत, पाट्यांवर मराठी मागं मागं जात राहिली, मग माणसं पुतळ्यात जीव अडकवणारच, त्यात चूक काय?

वाईट वाटतं ते वेगळ्याचं. मार्च २०२३ मध्ये बेळगावजवळच्या राजहंसगडावर महाराजांच्या एकाच पुतळ्याचं लोकार्पण दोन पक्षांनी दोनदा केलं. त्याआधी २०२१ मध्ये बेळगावातल्या अनगोळला संगोळ्ळी रायण्णांच्या, म्हणजे कन्नड लोक ज्यांना मानतात त्या कित्तूरच्या वीराच्या, पुतळ्याची तोडफोड झाली. अरे, रायण्णांना इंग्रजांनी १८३१ मध्ये फासावर दिलं ते आपल्याच नंदगडात, ते परके कसे? आणि महाराजांनी स्वतःच्या शिवराईवर, म्हणजे तांब्याच्या नाण्यावर, चेहरा काढलाच नव्हता, एकीकडं 'श्री राजा शिव', दुसरीकडं 'छत्रपति', एवढंच.

म्हणून माझं म्हणणं, मूर्तिकाराला ऑर्डर द्यायच्या आधी जागा, परवानगी, तोंडाची दिशा, उद्घाटन कुणाच्या हातून, हे सगळं ग्रामसभेत लिहून घ्या, मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्हीकडच्या जाणत्यांच्या सह्या घेऊन. वर्गणी मी देणारच आहे, पण त्या ठरावाचा फोटो ग्रुपवर पडल्यावर.