इफियेनियाचं बारसं

ग्रीसमध्ये पहिल्या मुलीला आजीचं नाव देतात, आणि बऱ्याच ठिकाणी पहिला मान बापाच्या आईचा. हे मला लग्नाआधीच ठाऊक होतं. सासूबाईंचं नाव इफियेनिया आहे, हेही ठाऊक होतं. दोन्हींची बेरीज करायचं सुचलं ते थेट सातव्या महिन्यात.

सांगलीला व्हिडिओ कॉल लावला.

"काय म्हणालीस? परत सांग." तीनदा सांगितलं. "झिनिया? छान आहे की! आपल्या अंगणात होता." मागून काकूचा आवाज आला, "युरिया?" भाऊ म्हणाला, लाडानं इफ्फी म्हणू, गोव्यात दरवर्षी तिच्या नावानं चित्रपट महोत्सव भरतोच.

आईला अर्थ हवा होता. 'सामर्थ्य घेऊन जन्मलेली' म्हटल्यावर ती खूश झाली. तिथेच फोन ठेवायला हवा होता. पण मी गोष्ट सांगायला बसले. ट्रॉयवर निघालेलं आरमार औलिसला अडकलं. आर्टेमिस देवी कोपली आणि वारा पडला. ज्योतिषी म्हणाला, राजा, लेकीचा बळी दे. मग अगामेम्नॉननं 'अकिलीसशी तुझं लग्न ठरवलंय' अशी थाप मारून पोरीला बोलावून घेतलं.

पलीकडे सामसूम.

"मग?"

"मग दिला बळी."

"आणि वारा सुटला?"

"सुटला."

"सुटणारच! वारा काय, कधी ना कधी सुटतोच. मुडदा बशिवला त्या बापाचा."

मी घाईघाईनं युरिपिडीसला पुढे केलं. त्याच्या नाटकात देवी ऐन वेळी वेदीवर हरिणी ठेवते आणि मुलीला उचलून नेते. आई ढिम्म. शेवटी हुकमाचं पान टाकलं, चिलया बाळ. "चांगुणेनं पोटच्या पोराचं डोकं उखळात कांडलं. ती कहाणी ऐकताना तू पदरानं डोळे पुसतेस ना?"

"पुसते. पण पोराचं नाव चिलया ठेवलेलं एक घर दाखव मला."

सॉक्रेटिससुद्धा इथे गप्प बसला असता.

सासूबाईंना यातलं अक्षर कळत नव्हतं. त्या अधूनमधून माझ्या पोटाकडे बघून 'फ्तू, फ्तू, फ्तू' करायच्या, दृष्ट लागू नये म्हणून. ते पाहून आई विहिणीबद्दल पहिल्यांदा बरं बोलली, "बाईला रीतभात आहे हो." (खुद्द सासूबाईंना जन्मात कुणी इफियेनिया म्हणून हाक मारलेली नाही, हे मला फार उशिरा कळलं. सगळ्या गल्लीला त्या 'एफी'.)

बाप्तिस्मा पुढे व्हायचा होता, पण बारसं आईनं बाराव्या दिवशीच करायला लावलं, फोनवरून. आत्या म्हणजे माझी नणंद. तिला 'कुर्रर्र' शिकवलं. ग्रीकांच्या जिभेला 'र' उपजत. कानाशी तो असा काही घुमला की पोरीनं दचकून भोकाड पसरलं. पुढचं नाव कुणालाच ऐकू आलं नाही. काकू अजून युरियावरच आहे.

नवरा पिरेयसहून सुटणाऱ्या फेरीबोटीवर कामाला. हल्लीच्या बोटी वारा पडला म्हणून नाही, वारा फार झाला म्हणून बंदरात अडकतात, हे मी आईला चित्र काढून समजावलं. तिनं मान डोलावली.

तरी रोज संध्याकाळी फोन येतो. "वारा आहे का गं तिकडे?"

"नाही आई, पान हलत नाहीये."

"मग आज पोरीला बापाकडे देऊ नकोस."