पत्र्याचा वाटा

पंधरा वर्षं कॉस्टिंग, म्हणजे मालाच्या खर्चाचा हिशोब, करणाऱ्या मला आमच्या भोसरीच्या कारखान्यातल्या स्टोअरच्या मामांनी परवा चार हमालांदेखत सुनावलं, "साहेब, गरिबाच्या मालावर अन्याय करू नका." अजून डोक्यातून गेलेलं नाही.

भानगड एवढीच. पत्र्याचं स्टँडर्ड, म्हणजे आधीच धरून ठेवलेला भाव, किलोला 62 रुपये, प्रत्यक्षात वर्षभर पडला 66 नं. खरेदी 460 टन. 31 मार्चला व्हेरियन्सच्या, म्हणजे या फरकाच्या, खात्यात 18 लाख 40 हजार येऊन बसले. सगळे विकलेल्या मालावर टाकून मोकळं होता येत नाही. शिल्लक साठा स्टँडर्डनं दाखवायला हरकत नाही, पण तो खऱ्या खर्चाच्या जवळपास हवा, असं साठ्याच्या हिशोबाचं मानक, इंड एएस 2, सांगतं. पाऊण पत्रा विकलेल्या मालातून गेला, पाव अजून कारखान्यात. म्हणजे 4 लाख 60 हजार साठ्यावर.

नाशिक फाट्याला पाऊण तास सडून मी स्टॉकशीटवर सही घ्यायला गेलो. मामांनी चष्मा कपाळावर ढकलला.

"हे वाढवलं कुणी?"

"वाढवलं नाही मामा, वाटून दिलं. पत्र्याची कॉइल, अर्धवट माल, तयार माल, ज्याचा त्याचा हिस्सा."

"या कॉइलनं काय केलं? जागची हललीसुद्धा नाही."

"महाग आली ना ती."

"मग आणली त्याला विचारा! आणि विकला गेला तो माल सुटला?"

"त्याच्यावर 13 लाख 80 हजार टाकलेत की!"

"तो गेला गिऱ्हाइकाकडं. त्याला काय फरक पडतो? इथं रोज धूळ मी पुसतो."

यावर काय बोलणार? शेजारचा हमाल तर चक्क कॉइलच्या पाठीवर हात फिरवत होता, दुखणाईताच्या फिरवावा तसा.

मामांचं एक वाक्य मात्र लागलं. आणली त्याला विचारा. विचारलं होतं हो! जुलैतच परचेसला मेल टाकली होती, 62 आता इतिहासजमा झालाय, स्टँडर्ड बदला म्हणून. उत्तर आलं, ‘नोटेड’. बरं, परचेसचा माणूस भाव पडला की वाचवलेले पैसे स्लाइडवर लावून टाळ्या घेतो. भाव चढला की तो ‘मार्केट’ असतो आणि खुलासा कॉस्टिंगनं द्यायचा. रविवारी ऑफिसात कोण बसलं होतं? मीच. कँटीनही बंद.

शेवटी मामांनी सही केली. वर लाल पेनानं लिहिलं, ‘वाढीव रकमेस स्टोअर जबाबदार नाही.’

काल ऑडिटरकडचा आर्टिकल, म्हणजे सीए शिकणारा पोरगा, मिसरूड नुकतं फुटलेला, तो कागद घेऊन माझ्या टेबलाशी आला.

"सर, या रिमार्कचं लेखी एक्स्प्लनेशन लागेल. तुमच्या सहीनं."