खरे नाव कोणाचे ठेवायचे?

परवा रात्री मामांबरोबर ‘शूटआउट अ‍ॅट वडाला’ पुन्हा पाहिला. 2013 मध्ये थिएटरात पाहिला होता, तेव्हा जॉन अब्राहमचे दंड आणि टाळ्याखाऊ संवाद एवढेच लक्षात राहिले होते. या वेळी मात्र माझे लक्ष पात्रांच्या नावांवर खिळले.

कीर्ती महाविद्यालयात शिकलेला, खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगत असताना 1979 मध्ये पळालेला आणि 11 जानेवारी 1982 रोजी वडाळ्याच्या आंबेडकर महाविद्यालयाजवळ पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडलेला गुंड मन्या सुर्वे पडद्यावर नावानिशी येतो. त्याचे ज्यांच्याशी वैर होते ते कासकर बंधू मात्र ‘हक्सर’ होतात. शाबीरचा झुबेर होतो आणि दाऊदचा दिलावर. पोलीस अधिकारी इसाक बागवान यांचेही आफाक बाघरान होते. एस. हुसेन झैदी यांच्या ज्या पुस्तकावर हा चित्रपट बेतला आहे, त्यात ही नावे खरीखुरी छापलेली आहेत, म्हणजे माहिती नव्हती असे म्हणायला जागा नाही.

हा एकाच चित्रपटाचा दोष असता तर मी एवढे लिहिले नसते. लोखंडवालातील 1991 च्या चकमकीवरच्या चित्रपटात त्या चकमकीत मारला गेलेला गुंड माया डोळस हा माया डोळसच राहतो. 2017 च्या ‘डॅडी’मध्ये तेव्हा तुरुंगात असलेला अरुण गवळी खऱ्या नावाने वावरतो, पण दाऊदसारखा दिसणारा, दाऊदसारखा वागणारा माणूस ‘मकसूद’ म्हणून समोर येतो. जो मेला आहे किंवा तुरुंगात बसला आहे त्याचे नाव बेधडक घ्यायचे आणि जो हाताबाहेर आहे त्याचे बदलायचे, असा हा अलिखित रिवाज दिसतो.

यावर कायद्याचे कारण पुढे केले जाते. जिवंत माणूस बदनामीचा दावा लावू शकतो, मेलेला लावू शकत नाही, हे खरेच आहे. परंतु मृताच्या जवळच्या नातलगांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने त्याच्यावर केलेला आरोपही बदनामी ठरू शकतो, असे भारतीय दंड संहितेच्या कलम 499 च्या पहिल्याच स्पष्टीकरणात होते. अर्थात निर्मात्याच्या वकिलांसमोर उभे राहायला पैसा लागतो, आणि चाळीतल्या कुटुंबाकडून तशी धास्ती कोणाला वाटणार? नाव बदलण्याचा निर्णय कायद्यापेक्षा समोरच्याच्या ताकदीवर ठरतो, असे माझे मत झाले आहे.

जखमी मन्या पोलिसांच्या गाडीत अधिकाऱ्याला आपली कहाणी सांगतो, ही मांडणी मला आवडली, आणि मनोज वाजपेयींसाठी तर हा चित्रपट पुन्हाही पाहीन. (गाण्यांबद्दल न बोललेले बरे.) पण ज्या कहाणीत एकाच बाजूचे नाव खरे आहे, तिच्यावर ‘सत्य घटनेवर आधारित’ अशी पाटी लावताना संकोच वाटायला हवा होता.

मामांचे तरुणपण प्रभादेवीच्या चाळीत गेले. ज्या पेट्रोल पंपावर 1981 च्या फेब्रुवारीत शाबीरचा खून झाला, तो त्यांच्या रोजच्या वाटेवर होता. पडद्यावर ‘हक्सर’ असा उच्चार झाला की ते हसून मान हलवत आणि खरे नाव सांगत. घरात आम्ही दोघेच होतो, दार बंद होते, तरी ते नाव घेताना प्रत्येक वेळी त्यांचा आवाज खाली येत होता.