आपटे आपटे आणि फर्माईश

गेल्या महिन्यात आई कोथरूडहून आमच्याकडे न्यू जर्सीला आली, एअरपोर्टवरून आणताना गाडीत रेडिओ चालू होता, त्यावर कोरियन पॉपवाली रोझे आणि अमेरिकन गायक ब्रुनो मार्स यांचं ते २०२४चं 'एपीटी' गाणं लागलं आणि मागच्या सीटवर लेक बोंबलून गायला लागली. आई जरा वेळ ऐकत बसली, मग म्हणते, "हे आपटे आपटे काय चाललंय गं? आपटे रोडवरचे का?" कोरियनमध्ये 'आपातु' म्हणजे अपार्टमेंट, हे सांगेपर्यंत गाणं संपलं पण.

हे आठवलं कारण फॅमिली ग्रुपवर परत तोच वाद पेटलाय, पुण्यात एफएमवर मराठी गाणी फारशी का लागत नाहीत. त्यात भाचीने लिहिलं मला तर कोरियन पण हवीत, झालं, काका सुटलेच. "आधी मराठी लावा म्हणावं, मग कोरियाचं बघू!"

काका, मुद्दा पटतो, पण राग भलत्याच पोरीवर निघतोय. पुण्यात बाहेरचे खूप, मराठी कळत नाही, ही स्टेशनवाल्यांची सबब आपण कायम ऐकतो. आमच्या गाडीत कोरियन कुणाच्या बापाला कळतं?

आणि इथे अमेरिकेतल्या रेडिओनेही कोरियन गाण्यांना काही पायघड्या घातल्या नव्हत्या. २०१२ला 'गंगनम स्टाइल' हे कोरियन गाणं आपल्याकडच्या लग्नांतसुद्धा वाजलं, पण बिलबोर्डच्या हॉट १०० या अमेरिकेतल्या टॉप गाण्यांच्या यादीत सात आठवडे दुसऱ्या नंबरवरच अडकलं, कारण त्या यादीत विक्री आणि स्ट्रीमिंगसोबत रेडिओवर किती वाजलं तेही धरतात आणि तिथेच ते कमी पडलं. मग बीटीएस या कोरियन बँडच्या फॅन्सनी अमेरिकेत राज्याराज्यात गट केले, लोकल स्टेशनला फोन, ट्वीट, गाणं लावलं की आरजेला थँक्यू, कुठे कुठे तर चक्क फुलं. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही खरं तर, विविध भारतीला फर्माईशीची पोस्टकार्डं टाकून टाकून झुमरीतलैया या छोट्या गावाचं नाव घराघरात पोचवलं ते कुणी? अशाच वेड्यांनी.

पण गंमत पुढेच आहे. २०२०मध्ये स्टेशनांनी वाजवलं ते बीटीएसचं 'डायनामाइट', पूर्ण इंग्लिश. त्याच वर्षी त्यांचंच 'लाइफ गोज ऑन', जे बहुतेक सगळं कोरियन, थेट एक नंबरला उतरलं पण विक्री आणि स्ट्रीमिंगच्या जिवावर, रेडिओवर जेमतेम. मग बदललं कोण, रेडिओ की गाणं? आमचं आपटे आपटे पण तेवढा शब्द आणि थोडंफार सोडलं तर इंग्लिशच की. मला खरी भीती याची वाटते, उद्या एफएमवर मराठी गाणं येईल ते अर्धं हिंदी होऊन येईल आणि आपण ग्रुपवर पेढ्यांचे फोटो टाकू.

काकांना विचारलं, तुम्ही स्टेशनला शेवटचा फोन कधी केलात? ब्लू टिक आली, उत्तर नाही.

तेवढ्यात भाचीचा मेसेज. "आजोबा, नंबर सेव्ह आहे माझ्याकडे, पाठवू?"