बारावी कोणाची चालते, ते एकदा लिहून द्या!

दहावीवर थांबलेल्या बाईनं पस्तिशीत बारावी काढून पदवी करायची म्हटलं की तालुक्याला जितकी तोंडं तितके सल्ले. नेट कॅफेवाला म्हणतो, सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे राज्य मंडळाच्या बारावीले खासगी बसायचा, तो भरा ताई. ज्युनिअर कॉलेजचा बाबू म्हणतो, या वयात बोर्डाची भानगड कायले, एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची बारावी करा. त्याचं केंद्र जिल्ह्याला, आणि तिथं कोणी फोन उचलेल तर शप्पथ! वर सगळ्यांचं शेवटचं वाक्य ठरलेलं, 'पण पुढं चालते का ते पाहून घ्या बरं.' अरे बावा, तेच तर विचारायले आली ना मी!

एनआयओएसची नोंदणी पाच वर्षं राहते, नऊ संधी मिळतात, एकेक विषय काढत जाता येतो. वावरात राबणाऱ्या बाईले हेच परवडते, कारण राज्य मंडळाचे पेपर फेब्रुवारी-मार्चात, म्हणजे ऐन हरभरा काढणीत. केंद्र सरकारचं मंडळ आहे, बारावी बरोबरीची आहे. तरी बाबूच्या शेजारचे साहेब चष्म्यावरून पाहत विचारतात, 'ओपनवालं ना ते?' जशी काही मी कॉपी करतानाच सापडली.

मी एवढी खोदून विचारते ते आमच्या मोठ्या जाऊबाईंमुळं. त्यांनी नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी परीक्षा दिली होती. तेव्हा बारावी नसली तरी ती पास झालं की बी.ए.ले प्रवेश मिळे. लेकरं निजवून, भांडी घासून त्या अभ्यासाले बसत. बी.ए. झाल्या, घरात पेढे वाटले. मग एका भरतीत फाइल उघडून टेबलामागच्या माणसानं विचारलं, 'बारावीची मार्कशीट?' पूर्वतयारी म्हणजे बारावी नव्हे, पदवीच्या प्रवेशापुरती सोय, हे त्यांना त्या दिवशी कळलं. प्रवेशाची फी घेताना कोणाच्या तोंडून निघालं नव्हतं.

मग राहिला सतरा नंबर. दहावी होऊन दोन वर्षं झाली की बारावीले खासगी बसता येते. माझ्या दहावीले तर जमाना झाला. पण मूळ टीसी पाहिजे. ती हरवली, तर दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र. टीसीवर माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं, त्याचा पुरावा वेगळा. हे सगळं निंदणाच्या दिवसांत, मजुरी पाडून. तोवर साधी फी जाऊन विलंब शुल्क, मग अतिविलंब शुल्क. आणि प्रत्येक खिडकीवर फुकटचा प्रश्न, 'आता कायले पाहिजे वं डिग्री?' पोराले विचारता का असं?

माझं मागणं एवढंच आहे. कोणती बारावी कुठं चालते आणि कुठं नाही, ते मराठीत एका कागदावर लिहा, खाली सही-शिक्का मारा आणि कॉलेजच्या भिंतीवर लावा. तोंडी 'पाहून घ्या' नको. सोमवारी मी टीसीची दुसरी प्रत घेऊन त्याच खिडकीवर जाणार आहे. नाही म्हणायचं असेल तर कोणत्या नियमानं, तेही लेखीच द्या.